अंजनेरीची नवशिक्यांची बॅच : ९५० रुपये वसूल झाले का?

एका ट्रेक ग्रुपबरोबर त्र्यंबकच्या वाटेवरचा अंजनेरीचा डोंगर चढून आले. आधी निकाल सांगून टाकते: पैसे वसूल झाले. मात्र जाहिरातीत जे मोठ्या अक्षरांत छापलंय (एसी बस, नाश्ता, जेवण, फोटोग्राफर) त्यामुळे नाही. वसूल झाले ते ट्रेकच्या दोन आठवडे आधी या ग्रुपनं घेतलेल्या बैठकीमुळे आणि रांगेच्या अगदी शेवटी चालणाऱ्या एका मुलीमुळे. या दोन्हींचा जाहिरातीत साधा उल्लेखही नाही.

मी नाशिकला सिडकोत राहते, द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये हिशेब बघते. दिवसभर बैठं काम, बीपीची गोळी चालू. वणीच्या गडावर हल्ली आम्ही ट्रॉलीनं जातो, तेव्हा डोंगर चढायचा माझा अनुभव केवढा ते समजून घ्या. सोबत माझी मोठी नणंद, म्हणजे आमच्या अक्का. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाल्या, साठी ओलांडली, पण रोज पहाटे मुक्तिधामपर्यंत चालून येतात आणि ते दिवसभरात चार जणांना सांगतात. ट्रेकची हौस त्यांची. मी सोबतीला.

फोनवर मी आधी हरिहर किल्ल्याचं विचारलं, कारण मोबाइलवर बघावं तो माणूस हरिहरच्याच पायऱ्या चढताना दिसतो. पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘काकू, पहिलाच ट्रेक असेल तर हरिहरला नेत नाही आम्ही. आधी अंजनेरी करा, नाहीतर रामशेज.’ काकू म्हटलेलं आवडलं नाही, पण नेत नाही म्हटलेलं आवडलं. कारण विचारलं तर नीट सांगितलं: त्या कातळातल्या पायऱ्या जवळपास उभ्या आहेत. चढताना खाली बघावं लागत नाही म्हणून माणूस चढून जातो, उतरायची वेळ आली की मध्येच हातपाय गाळतो, आणि मागे रांग खोळंबते. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं असताना त्याला नको म्हणणारा दुकानदार मी फारसा बघितलेला नाही.

मग एक फॉर्म आला. बीपी, शुगर, दमा, गुडघे, चालू औषधं, घरच्या माणसाचा नंबर. असले फॉर्म भरून घेतात आणि कुणी वाचत नाही, असा माझा समज. इथे दुसऱ्या दिवशी फोन आला: ‘गोळी सकाळची का रात्रीची? डॉक्टरांना विचारलंत का?’ विचारलं नव्हतं. विचारून या म्हणाले, आणि विचारून आल्याशिवाय पैसे घेतले नाहीत. मीही मग उलटतपासणी घेतली. राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यानुसार ट्रेक नेणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र मागितलं. पाच मिनिटांत फोटो आला. तुम्ही कुणाबरोबरही जा, हे मागाच. द्यायला कुरकुर करणाऱ्याकडे तुमच्या सुरक्षेचं काय असेल, त्याचा अंदाज तिथेच येतो.

बैठक गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकच्या कडेला, संध्याकाळी. निरोप एवढाच होता, की ट्रेकला जे बूट घालणार तेच घालून या. मला वाटलं ओळखपाळख, दोन भाषणं, एक चहा. पण लीडरनं सगळ्यांना कट्ट्यावर बसवून बूट काढायला लावले आणि एकेक बूट हातात घेऊन दोन्ही हातांनी वाकवून बघायला सुरुवात केली.

अक्कांचे बूट त्यांच्या मुलानं कधीतरी हौसेनं आणलेले. महागाचे, आणि खोक्यातून क्वचितच बाहेर काढलेले. त्यामुळे कोरे करकरीत. लीडरनं वाकवले आणि तळ पापडासारखा मोडून हातात आला. अक्कांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘अहो, घातलेसुद्धा नाहीत मी!’ तो म्हणाला, तेच तर. अशा बुटांच्या तळाचा फोम नुसता ठेवून ठेवून दमट हवेनं आतून कुजत जातो. वरून काही कळत नाही, आणि पहिल्या चढाला किंवा पहिल्या पावसाला तो सुटतो. दर पावसाळ्यात कुणी ना कुणी डोंगरावर बुटाला सुतळी बांधून उतरतं म्हणे. आमच्या बॅचमध्ये त्या संध्याकाळी अक्कांसकट तीन जणांचे बूट बाद झाले. माझे पास झाले, पण तळाच्या खाचा झिजल्यात म्हणून ‘ओल्या कातळावर जपून’ असा शेरा मिळाला.

बूट घ्यायचे कसे, तेही तिथेच सांगितलं. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून दुकानात संध्याकाळी जायचं. ट्रेकला घालणार तेच जाड मोजे खिशात घेऊन जायचे. बोटं पुढे टेकवली की टाचेमागे एक बोट सहज गेलं पाहिजे, कारण उतारावर सगळा भार पुढे येतो, आणि जागा नसेल तर अंगठ्याचं नख काळं पडतं. (नखं आदल्या दिवशी नाही, दोन-तीन दिवस आधी कापायची. हे मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.) तळाच्या खाचा खोल हव्यात. घोट्याच्या वर येणारा बूटच पाहिजे असं काही नाही. लीडरच्या स्वतःच्या पायात अ‍ॅक्शनचे साधे ट्रेकिंग शूज होते, सह्याद्रीत वर्षानुवर्षं लोक वापरतात तेच. अक्कांनी मेन रोडवर दुकानदाराला तासभर वेठीला धरून दीड हजाराच्या आत जोड घेतला आणि रोजच्या फेरीत घालून मऊ करून घेतला. दोन आठवडे आधी बैठक घेण्याचं कारण हेच. आदल्या दिवशी नवे बूट घेऊन गेलं की फोड ठरलेलेच.

मी यादी करून गेले होते, सवयच आहे. दोन काठ्या, मोठी सॅक, वॉटरप्रूफ जॅकेट, सॅकचं कव्हर, पाण्याची नळीवाली पिशवी. ऑनलाइन बेरीज चार हजारांच्या वर जात होती. लीडरनं यादी हातात घेतली आणि पेन मागून एकेक ओळ खोडली. काठी आम्ही देतो. सॅक म्हणून मुलाचं जुनं दप्तर चालेल, फक्त पट्टे रुंद हवेत. कव्हर वाऱ्यानं उडतं, त्यापेक्षा दप्तराच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घालायची आणि सगळं सामान तिच्यात भरायचं. जॅकेटऐवजी साधा पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट. जीन्स मात्र मुळीच नाही. भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही. अक्कांनी साडीचं विचारलं. त्यावर नाही म्हणाला नाही तो. म्हणाला, ‘अक्का, जे घालाल त्यात गुडघा कमरेइतका वर उचलून दाखवा.’ अक्कांनी तिथल्या तिथे उचलून बघितला आणि पंजाबी ड्रेस, ओढणीशिवाय, असं ठरलं. माझी यादी शेवटी पोंचो, मोजे आणि इलेक्ट्रॉलवर आली. ९५० रुपयांची फी खरं तर इथेच फिटली.

इलेक्ट्रॉलचंही सांगते. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, तसं तिच्यावर छापलेलं आहे. लोक ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात, मग ते खारट पाणी पिववत नाही, म्हणून पीतच नाहीत. एक लिटर इलेक्ट्रॉलचं आणि दोन लिटर साधं, एवढं माणशी वाहायचं. वर तळं असलं तरी ते आपल्या पिण्यासाठी नाही.

मधल्या दोन आठवड्यांसाठी गृहपाठ दिला: पांडवलेणी. दप्तरात पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या टाकून चढायचं आणि उतरायचं. म्हसरूळकडच्यांना चांभार लेणी; तिथे पायऱ्या जास्त आहेत. सिडकोतून पाथर्डी फाटा म्हणजे मला दारातच. एरवी आम्ही फाळके स्मारकात पाहुण्यांना नेतो आणि लेण्यांकडे खालूनच हात करतो. मोजायचं काय, तर वेळ नाही, बोलणं. चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागत असेल तर वेग कमी करा. मला पहिल्यांदा ‘अक्का थांबा’ एवढंच बोलता येत होतं. नंतर नंतर मी वर पोचून तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा शिलालेख बघण्याइतकी शिल्लक राहायला लागले. दोन हजार वर्षांपूर्वीची ती बाई, मुलगा गेल्यावर नातवाच्या राज्यात मुलाचे पराक्रम कातळात कोरून घेते. अक्का म्हणाल्या, आयांचं तेव्हापासून हेच चालू आहे. अक्कांना स्वतःच्या मुलाच्या बुटांचा राग अजून गेलेला नव्हता.

आता प्रत्यक्ष दिवस. सप्टेंबरचा रविवार, गणपती होऊन गेलेले. बस बिटको, द्वारका, सीबीएस, सातपूर अशी येणार. सीबीएसला पावणेसहाची वेळ दिलेली. बस आली साडेसहाला. कारण? द्वारकेला दोघे जण झोपले होते आणि त्यांची वाट बघितली. वेळेवर आलेल्या सव्वीस माणसांना दोघांसाठी उभं करणं मला पटत नाही. पुढच्या वेळी पाच मिनिटं थांबून निघा. रिक्षानं गाठतील मागून.

दुसरी तक्रार नाश्त्याची. त्र्यंबक रोडला बस थांबली आणि सगळ्यांपुढे मिसळ आली. नाशिकमध्ये रविवारचा नाश्ता म्हणजे मिसळ, हे मलाही मान्य आहे. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर पापड, शेवटी जिलेबी, यावर माझा जीव आहे. पण तासाभरात डोंगर चढायचा असताना तो तर्रीचा रस्सा? एक कॉलेजचा मुलगा दोनदा एक्स्ट्रा रस्सा घेऊन बसला आणि पहिल्या टप्प्यावरच छातीत जळजळ म्हणून कडेला बसला. मी पोहे मागितले, ते मिळाले, पण मागावे लागले. मिसळ उतरल्यावर ठेवा की!

अंजनेरी गावात पोचल्यावर केलेली सोय मात्र नोंदवून ठेवते, कारण असल्या परीक्षणांत पुरुष हे कधी लिहीत नाहीत. गावातल्या एका घरी बायकांसाठी स्वच्छतागृहाची व्यवस्था आधीच सांगून ठेवलेली होती, जातानाही आणि आल्यावरही. त्या घरच्या वहिनींना त्याचे पैसे यांनी आमच्यासमोर दिले. वर काही सोय नाही हेही आडवळणानं न सांगता सरळ सांगितलं. यामुळे बायका पाणी पिणं टाळत नाहीत. डोंगरावर चक्कर येण्याचं अर्ध कारण ते टाळणंच असतं.

गावापासून पायथ्यापर्यंतचा रस्ता चढाचा आहे, आणि तिथेच निम्मी बॅच पुढे पळाली. पुढे लीडर, मध्ये दोघं, आणि सगळ्यांच्या मागे ही मुलगी. वय पंचविशीचं. सगळे तिला ताई म्हणत होते, अक्कासुद्धा. तिच्या भाषेत ती ‘बॅकलीड’. काम एकच: तिच्या मागे कुणी उरता कामा नये. सगळ्यात मागे कोण होतं हे सांगायला नकोच.

तिनं आम्हाला दिवसभरात एकदाही ‘चला लवकर’ म्हटलं नाही. ‘थोडंच राहिलं’ असंही खोटं सांगितलं नाही. अक्कांनी विचारलं, किती राहिलं गं? ती म्हणाली, ‘अक्का, अजून अर्ध्याच्या वर आहे. पण पुढच्या वळणाला सावली आहे.’ माणसाला एवढंच पाहिजे असतं. दर थोड्या वेळानं उभ्या उभ्या थांबायचं, श्वास बसला की निघायचं. पसरून बसू द्यायची नाही. म्हणायची, बसलात की पाय थंड पडतात, मग उठवत नाही. खिंडीतल्या पायऱ्या सुरू झाल्या तिथे मी हाताला धरायला आधार शोधत होते, तर ती माझ्या एक पायरी खाली, बाहेरच्या बाजूला येऊन चालायला लागली. काही बोलली नाही. घसरलेच तर मी तिच्यावर जाणार, कड्यावरून नाही, हे मला चार पायऱ्यांनंतर कळलं.

वाटेत कातळात कोरलेलं जैन लेणं आहे, तिथे थंडगार वाटतं. माकडं भरपूर. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती खाऊचीच असं ती धरून चालतात. बैठकीत सांगूनही एकानं हातात वेफर्सचा पुडा धरला होता. तो गेला.

पायऱ्या संपल्या की पठार. सप्टेंबरातलं हे पठार पाहण्यासाठी तरी एकदा या. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, मध्येच धुकं येऊन सगळं पुसून टाकतं आणि पुन्हा उघडतं. ताई वाटेवरून खाली उतरू देईना. का, ते तिनं दाखवलं: गवतात एक बारीकसं रोप, त्याला कंदिलाच्या आकाराचं बोटभरही नसलेलं फूल. कंदीलपुष्प. त्यातली ही जात याच डोंगरावर सापडली, २००६ मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली ती ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ या नावानं. आपल्या नाशिकच्या डोंगराचं नाव शास्त्राच्या पुस्तकात गेलंय आणि मी इतकी वर्षं याच रस्त्यानं त्र्यंबकला जाते! या दुर्मीळ वनस्पतींसाठी आणि कड्यांतल्या गिधाडांसाठी डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. मध्यंतरी गाड्या वरपर्यंत जाव्यात म्हणून रस्त्याचा घाट घातला होता, त्याला पर्यावरणवाल्यांनी विरोध केला. तेव्हा पेपरात वाचून मी म्हटलं होतं, झाला रस्ता तर म्हाताऱ्यांची सोय होईल. अक्कांना म्हटलं, तुमचं काय मत? त्या म्हणाल्या, ‘म्हातारं कोण आहे इथे?’

पठारावर अंजनीमातेचं मंदिर लागतं. तिथून तळ्याशी जायचं आणि मग दुसरा चढ, माथ्यावरच्या मंदिरापर्यंत. तिथे बाळ हनुमान आणि अंजनीमाता. हनुमानाचं जन्मस्थान अंजनेरी का किष्किंधा, यावर २०२२ मध्ये नाशिकला धर्मसभा भरून भांडणं झाली होती. वर बसून आमच्यातल्या दोघांनी ती पुन्हा सुरू केली. तेवढ्यात कुणीतरी ब्लूटूथ स्पीकर काढला. लीडरनं तो हसत हसत मागितला, स्वतःच्या सॅकमध्ये टाकला आणि बसमध्ये परत दिला. शाबास.

मग मात्र बॅनर. वरचं धुकं नेमकं उघडलेलं, खाली वैतरणेच्या बाजूचं पाणी दिसतंय असं कुणीतरी म्हणतंय, आणि यांनी ग्रुपच्या नावाचा लांबलचक बॅनर उलगडून सगळ्यांना त्याच्यामागे उभं केलं. एकदा बसून, एकदा उभे, एकदा उडी मारून. फोटो होईपर्यंत धुकं परत आलं. दृश्य बघायला चढलेल्या माणसांकडून जाहिरात करून घ्यायची असेल तर फीमध्ये सूट द्या.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड, हे तिथे गेल्याशिवाय पटत नाही. चढताना दम लागतो, तो थांबलं की जातो. उतरताना मांड्या थरथरायला लागतात, ते थांबूनही जात नाही. काठी आधी खाली टेकवायची, मग पाय. पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, आणि ओल्या मातीपेक्षा खडबडीत दगडावर पाय. माझा झिजलेल्या तळाचा बूट दोनदा सरकला, दोन्ही वेळा काठीनं तारलं. अक्का नव्या बुटांनी ठणठणीत उतरल्या.

जेवण गावातल्या त्याच घरी. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, मिरचीचा ठेचा, कांदा. भाकरी तव्यावरून थेट ताटात. ‘अनलिमिटेड’ असं जाहिरातीत म्हटलंय ते खरं आहे. मी मोजलं नाही आणि अक्कांनी मोजू दिलं नाही. सकाळच्या मिसळीपेक्षा हे शंभर पटींनी बरं, आणि पैसे गावात राहिले ते वेगळंच.

एक उघड प्रश्न कुणीही विचारेल: सीबीएसवरून त्र्यंबकची बस धरून अंजनेरी फाट्यावर उतरलं तर शंभर-सव्वाशेत जाणं-येणं होतं, मग ९५० कशाला? तुमच्या घरात डोंगर चढलेलं एखादं माणूस असेल तर खरंच कशाला, बसनंच जा. वाट मळलेली आहे, रविवारी गर्दीही असते. नसेल तर निदान पहिल्या खेपेला अशांबरोबर जा, पण पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा: बूट आधी बघता का, आणि शेवटी कोण चालतं. दुसऱ्या प्रश्नावर ‘सगळे एकत्रच असतो हो’ असं उत्तर आलं तर दुसरा ग्रुप बघा.

पाचपैकी चार स्टार. अर्धा बसच्या उशिराचा कापला, अर्धा बॅनर आणि मिसळ मिळून. ताईचा पगार वाढवलात तर अर्धा परत देईन. अक्कांनी रामशेजसाठी नाव दिलंय, माझंही परस्पर दिलंय. आणि हो, ९५० रुपयांची पावती मी तीनदा मागितल्यावर मिळाली. रामशेजची न मागता द्या.